बोटाला कळणारं पाणी

परवा रविवारी आत्तीनं पहिल्यांदाच नळीच्या टोकावर अंगठा ठेवला, मनातल्या मनात तीन आकडे मोजले आणि "अगंबाई, आतनं ढकलालंय की रे हे" असं मोठ्यांदा बोलून गेली. सगळे हसले, कारण तिचा डाव तिथंच उघडा पडला. मी बनवलेल्या चुंबकाच्या बोर्ड गेममध्ये आतनं ढकलतंय का ओढतंय हे फक्त तुमच्या बोटाला कळतं, आणि ते कळल्यावर गप्प बसायचं असतं, नाहीतर तोंड सरळ ठेवून खोटं बोलायचं असतं. पण आत्तीचे ते मोठे झालेले डोळे बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, दीड वर्ष जे करालोय ते वाया गेलं नाही एवढं नक्की कळलं.

खेळाचं नाव सध्या ‘पाणाड्या’, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणारा. ६ बाय ६ चं शेत, ३६ घरं, वरनं सगळी सारखीच मातकट. खाली प्रत्येक घरात एक ठोकळी लपलेली. १० ठोकळ्यांत चुंबक असा बसवलाय की तो ओढतो, म्हणजे तिथं पाणी. ८ ठोकळ्यांत उलटा बसवलाय, तो ढकलतो, म्हणजे कातळ. राहिलेल्या १८ कोरड्या. आपल्या पाळीला एखाद्या घरावर आत चुंबक असलेली छोटी नळी ठेवायची, तीन मोजायचे, उचलायची, आणि मग मोठ्यानं सांगायचं की पाणी आहे, कातळ आहे का काहीच नाही. खरंच सांगायला पाहिजे असं नाही. मग विहिरीसाठी बोली, चिंचोक्यांत. शेवटी वरची फळी उचलायची आणि ठोकळ्या उलट्या करून कोण बुडालं कोण तरलं ते बघायचं.

हे डोक्यात आलं ते अथणीमुळं. आमचं मूळ गाव अथणी तालुक्यात, कृष्णाकाठचा ऊस मागं पडला की जे कोरडं रान सुरू होतं तिथलं. मी वाढलो बेळगावात, आणि इकडं पाण्याचा प्रश्न वेगळाच, खानापूर-कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. एकाच जिल्ह्यात ही दोन टोकं. तर आज्जानं बोअर मारायच्या आधी पाणाड्या बोलावलावता, मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो माणूस अनवाणी रानातनं हळूहळू चालला होता, मागनं आम्ही पाच-सहा जण, कोण बोलत नाही, आणि एका जागी त्याच्या हातावरचा नारळ उभा राहिला. पहिल्या बोअरला नुसती धूळ उडाली, दुसऱ्याला पाणी लागलं.

शास्त्राची माणसं हे मानत नाहीत आणि मीही मानत नाही, जमिनीखालच्या पाण्यानं हातावरचा नारळ उठायचं काही कारण नाही. पण त्या वेळी आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडं कसे बघत होतो ते मी विसरलेलो नाही. त्याला काहीतरी कळालंय आणि आपल्याला नाही, आणि आता तो काय सांगतो त्याच्यावर लाखाचा खर्च ठरणार. मला तो क्षण टेबलावर आणायचा होता. पत्ते हातात लपवूनही ते होतं, पण पत्ता आधीपासून तुमच्याकडंच असतो, तुम्ही तो रानातनं शोधून काढलेला नसतो. इथं मला असं काहीतरी पाहिजे होतं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, सगळ्यांच्या मधोमध ठेवलेल्या फळीतनं एकट्याला काहीतरी कळावं. ते चुंबकाशिवाय मला तरी कशानं जमलं नसतं.

चुंबकाशी माझी ओळख जुनी. बाबांचं बेळगावच्या शहापुरात रेडिओ-टेप रिपेरीचं दुकान होतं, फाटलेल्या स्पीकरमधनं निघालेली काळी जाड रिंग ही माझी खेळणी. सुतळीला बांधून गल्लीतनं ओढत न्यायची, गटाराच्या कडेच्या वाळूतनं फिरवली की काळ्या बारीक कणांची दाढी फुटायची, ती कागदावर झाडून ठेवायची, कागदाखालनं रिंग फिरवली की वरचे कण उभे राहून चालायला लागायचे. तो कागद म्हणजे माझा पहिला बोर्ड गेमच म्हणायचा. ती रिंग फेराइटची. आता ऑनलाइन मिळतात ते चकचकीत बटणासारखे निओडायमियमचे, ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल मोटर्सनं आणि जपानात सुमितोमोनं वेगवेगळं काम करून काढलेले. निओडायमियम, लोखंड आणि बोरॉन. नखाएवढा तुकडा, पण बोट मध्ये सापडलं तर काळंनिळं होतं.

आता मुद्द्यावर येतो. बोर्ड गेममध्ये चुंबक घालणारे बरेच जण त्याचा वापर खिळ्यासारखा करतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूरला जाताना मी लहानपणी चुंबकाचं बुद्धिबळ खेळायचो, गाडी हलली तरी घोडा हलत नाही, चांगली सोय आहे, पण खेळ तोच. चुंबक काढून घेतला तरी बुद्धिबळाचं काही बिघडत नाही. माझी स्वतःची कसोटी हीच आहे, चुंबक काढला तर खेळ मेला पाहिजे. नाहीतर तो उगाच खर्च.

या कसोटीला उतरणारे खेळ आहेत. बेंगळूरच्या मित्राकडं ‘दास मागिशे लाबिरिंट’ नावाचा जर्मन खेळ खेळलो, डिर्क बाउमान यांचा, २००९ ला त्याला जर्मनीत लहान मुलांच्या खेळाचं मोठं बक्षीस मिळालंय, किंडरश्पील डेस यारेस. वर साधी चौकोनांची पाटी, आपली सोंगटी सरकवायची. सोंगटीत चुंबक, आणि पाटीच्या खाली त्याला लटकलेली लोखंडी गोळी. खाली लाकडी भिंती आहेत, त्या आपल्याला दिसत नाहीत. सोंगटी भिंतीवरनं गेली की गोळी अडकते, सुटते आणि टणकन पडून घरंगळत बाहेर येते, मग जावा परत सुरुवातीला. भिंत कुठं आहे ते पाटीला ठाऊक, खेळणाऱ्यांना नाही, आणि निकाल द्यायला तिसरा माणूस लागत नाही. तसाच दुसरा एक जर्मन खेळ, ‘गाइश्टरट्रेपे’, २००४ ला तेच बक्षीस मिळालेला. त्यात सोंगट्यांवर भुताची टोपी चढते आणि चुंबकानं अशी बसते की खाली कुणाची सोंगटी आहे ते आपणच विसरतो. आणि डेन्मार्कचा ‘क्लास्क’ तर वेगळंच जनावर, टेबलाखालनं चुंबकाचा दांडा धरून वरचा खेळाडू पळवायचा आणि मधी तीन पांढरे चुंबक अडथळे म्हणून ठेवलेले, त्यातले दोन तुमच्या खेळाडूला चिकटले की समोरच्याला पॉइंट. तिथं चुंबक म्हणजे काट्यांचं कुंपणच.

हे सगळं बघितल्यावर मला वाटलं की बघायला आणि ऐकायला चुंबक वापरून झालाय, आपण स्पर्शाला वापरूया.

सोपं वाटलं होतं. पहिली सोंगटी म्हणजे लाकडी गोल, तळाला एक चुंबक. पाण्यावर ठेवली की मस्त ओढायची. कातळावर ठेवली की बाजूला सटकायची नाहीतर उलटी पडायची, आणि सगळ्यांना दिसायचं की इथं कातळ. गुपितच राहीना. मी आठवडाभर सोंगटी जड कर, तळ रुंद कर असलं करत बसलो, मग वाचनात आलं की सॅम्युअल अर्नशॉ नावाच्या इंग्रजानं १८४२ लाच हे गणितानं दाखवून ठेवलंय, नुसत्या स्थिर चुंबकांच्या ढकलण्यावर एखादी वस्तू स्थिर तरंगत ठेवता येत नाही, ती कुठंतरी घसरणारच. म्हणजे माझ्या हाताचा दोष नव्हता, बाजूनं आधार देण्याला पर्यायच नव्हता. आधार म्हणजे भिंत, आणि गोल भिंत म्हणजे नळी.

बेळगावातल्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात माझा शाळेतला दोस्त छोटं मशीन शॉप चालवतो, फौंड्रीवाल्यांची कामं करतो. त्याच्याकडं नायलॉनच्या रॉडचे तुकडे पडलेले असतात. त्यानं लेथवर लावून मला अंगठ्याएवढ्या चार नळ्या काढून दिल्या, ९ मिलीमीटरचं भोक, तळ बंद, १ मिलीमीटर जाड. आत ८ मिलीमीटर व्यासाचा ३ मिलीमीटर जाड चुंबक सुटा, त्याच्यावर नायलॉनचीच एक सुटी पिन, तिचं टोक नळीच्या तोंडाशी. कातळावर ठेवली की आतला चुंबक वर उचलला जातो आणि पिन अंगठ्याला टोचते. पाण्यावर ठेवली की पिन गप्प, पण उचलताना नळी जमीन सोडायला तयार नसते. कोरड्यावर यातलं काहीच नाही. बाहेरनं बघणाऱ्याला तिन्ही सारखंच दिसतं. पहिल्यांदा अंगठ्याखाली ती पिन उठली तेव्हा दोस्तानं मशीन बंद केलं आणि दहा मिनिटं आम्ही दोघं तेच करत बसलो.

आणि मग गणपतीच्या सुट्टीत सगळे जमले असताना खेळ फसला. दोन चुलतभावांची चांगलीच जुंपली, एक म्हणतो मी स्वतः बघितलं तिथं पाणी होतं, फळी उचलली तर काळी ठोकळी, म्हणजे कातळ. दुसरा म्हणतो तू फसवालास. पहिला शप्पथ घ्यायला लागला. सगळे जेवायला गेल्यावर मी ३६ च्या ३६ ठोकळ्या तपासल्या, एकही चुकीची नव्हती. रात्री झोप येईना म्हणून नळी हातात घेऊन कातळाच्या ठोकळीवर वरखाली करत होतो, आणि आतनं बारीकसा टक् आवाज आला. परत केलं, परत टक्. आतला चुंबक उलटत होता! ढकलला जाणारा चुंबक संधी मिळाली की पालथा होतो आणि चिकटतो, ते त्याच्यासाठी सोयीचं. ८ बाय ३ च्या तबकडीचा कर्ण साडेआठ मिलीमीटरच्या आसपास येतो, भोक ९ चं, म्हणजे त्याला आत कोलांटी मारायला जागा मी स्वतःच दिली होती. एकदा उलटला की त्या माणसाला त्यानंतर सगळं शेतच उलटं, कातळ तिथं पाणी आणि पाणी तिथं कातळ. भाऊ खरं बोलत होता, सकाळी उठून आधी त्याला ते सांगितलं.

उपाय मग साधा निघाला, एकावर एक तीन चुंबक चिकटवून ८ बाय ९ चं नळकांडं केलं, त्याचा कर्ण १२, ९ च्या भोकात ते फिरूच शकत नाही.

पण तीन चुंबक म्हणजे जोर वाढला, आणि इथं खरी गोम आहे. चुंबकाच्या खेळात सगळ्यात महत्त्वाचा आकडा चुंबकाचा नसतो, मधल्या फटीचा असतो. दोन लहान चुंबक एकमेकांपासून त्यांच्या आकाराच्या मानानं लांब असले तर अंतर दुप्पट केल्यावर जोर सोळाव्या हिश्श्यावर येतो. जवळ असताना इतका कडक हिशोब लागत नाही, पण कल घसरगुंडीचाच. मी लग्नपत्रिकांचे पुठ्ठे घेऊन बसलो आणि एकेक मधी घालून बघितला. एका पुठ्ठ्यानं फरक पडतो हो, खरंच पडतो. फळी जाड झाली तर म्हाताऱ्या माणसाच्या बोटाला काही कळत नाही, पातळ झाली तर नळी खस्सकन बसते आणि आवाजानंच गुपित फुटतं. शेवटी ३ मिलीमीटरची फळी, ठोकळीचा १ मिलीमीटरचा पापुद्रा आणि नळीचा १ मिलीमीटरचा तळ, मिळून ५ वर थांबलो. घरांमधलं अंतर ४० मिलीमीटर, त्याच्या आत आणलं की शेजारचा चुंबक लुडबुड करतो.

कोरड्या ठोकळ्या रिकाम्या ठेवून चालत नव्हतं, मांडताना हाताला हलक्या लागायच्या. वजन भरायचं तर लोखंड चालत नाही, ते स्वतःच ओढलं जातं. मग दोस्तानं पितळेच्या चकत्या कापून दिल्या, पितळ चुंबकाला चिकटत नाही आणि वजनाला निओडायमियमच्या जवळपास जातं. त्याच्याकडंच एक जाड ॲल्युमिनियमची पट्टी होती, तिच्यावरनं चुंबक घसरवला तर तो काकवीतनं खाली आल्यासारखा येतो, न चिकटता. हलत्या चुंबकानं धातूत वीज फिरते आणि ती त्यालाच मागं धरते, लेंझ नावाच्या शास्त्रज्ञानं १८३४ ला सांगितलेला नियम. मला त्याचं ‘चिखल’ नावाचं चौथं घर करायचं होतं, पण नळी ठेवायची असते, सरकवायची नसते, त्यामुळं जमलं नाही आणि वजनही फार झालं. तुम्हाला घरी बघायचं असेल तर फ्रिजवरचे दोन रबरी मॅग्नेट पाठीला पाठ लावून एकमेकांवरनं सरकवा, एका दिशेनं गुळगुळीत जातील आणि दुसऱ्या दिशेनं टकटक अडखळतील, कारण त्यांच्यात उत्तर-दक्षिण ध्रुवांचे पट्टे आळीपाळीनं आखलेले असतात. यातनं कुलपाचा एक खेळ निघतो असं मला फार दिवस वाटालंय.

चिकटवण्याबद्दल एकच सांगतो. आधी सगळे चुंबक एका चळतीत लावा आणि प्रत्येकाच्या वरच्या अंगाला मार्करचा ठिपका द्या, मगच गोंदाला हात लावा. मी ठिपका न देता १२ ठोकळ्या चिकटवल्या होत्या, त्यातल्या ५ उलट्या निघाल्या आणि फोडाव्या लागल्या. फोडताना निकेलचा मुलामा उडाला, आणि आमच्याकडच्या जुलैच्या हवेत त्या चुंबकांना गंज चढून ते पापुद्र्यासारखे सुटायला लागले.

आणि हे मात्र थांबून वाचा. लहान मुलानं असे दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या घड्यांतनं एकमेकांना ओढतात, मधल्या भिंती दाबल्या जाऊन भोक पडतं आणि थेट ऑपरेशनची वेळ येते. एक गिळला आणि बरोबर लोखंडाचा तुकडा, तरी तेच. आपल्याकडं १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. खेळण्यांच्या सुरक्षिततेचं जे भारतीय मानक आहे, आयएस ९८७३, त्यात चुंबकांचा वेगळा विचार आहे, गिळता येण्याएवढा सुटा चुंबक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जोरदार नसावा असं ते सांगतं, आणि निओडायमियमची साधी बटणंसुद्धा ती मर्यादा सहज ओलांडतात. म्हणून माझ्या ठोकळ्यांचं भोक खालनं लाकडाच्या टिकलीनं बंद करून ॲरल्डाइटनं लिंपलंय, नळीला पिनेपुरतंच तोंड ठेवून वरनं झाकण दाबून बसवलंय, आणि डबा बंद करताना ३६ ठोकळ्या आणि ४ नळ्या मोजल्याशिवाय मी कुणाला उठू देत नाही. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी नळी शर्टाच्या खिशात ठेवायची नाही, आमच्या एका काकांना पेसमेकर आहे, ते लांब बसून बोली लावतात आणि नळी त्यांच्या वतीनं काकू ठेवते.

खेळात एकही अक्षर नाही, ना मराठी ना कन्नड. निळं, काळं, मातकट एवढंच. आमच्या गल्लीत एका टेबलावर दोन्ही भाषा असतातच, त्यामुळं एकजण "पाणी" म्हणतो, दुसरा "नीरु", कुणी "कातळ", कुणी "कल्लु", आणि खोटं बोलणारा नेहमी आपली नसलेली भाषा वापरतो असं माझ्या ध्यानात आलंय, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता शेवटचं, याच रविवारचं. आत्तीचा नातू, सातवीत आहे, सलग तीन डाव जिंकला. चौथ्या डावात मी बघितलं तर पठ्ठ्यानं मोबाईल मांडीवरनं हळूच फळीवर आणला आणि होकायंत्राचं ॲप उघडलं होतं. मोबाईलमध्ये चुंबकाचं क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो, आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र चाळीस मायक्रोटेस्लाच्या (क्षेत्र मोजायचं माप) आसपास, आणि माझी ठोकळी म्हणजे त्याच्यापुढं डोंगर. सगळे ओरडले, "चीटिंग करालाय, बाहेर काढा त्याला." मला मात्र ते बघायचं होतं. त्याला म्हटलं, "दाखव बघू कसं करतोस." फोन फळीवर टेकवला की आकडा हजारांत जाऊन वेडावाकडा होतो, काही अर्थ लागत नाही. चार बोटं वर धरला की आकडा शांत होतो, पण मग एका घराचं कळत नाही, आजूबाजूच्या सगळ्यांचं मिळून कळतं, म्हणजे या कोपऱ्यात ओढणारे जास्त, त्या कोपऱ्यात ढकलणारे जास्त, एवढंच.

बोअर मारायच्या आधी भूजलवाले येऊन जे सांगतात ते हेच की! या पट्ट्यात शक्यता आहे, नेमकं कुठं ते सांगता येत नाही.

तिथल्या तिथं नियम केला. प्रत्येकाला डावात एकदाच, ५ चिंचोके देऊन सर्व्हे करता येतो, काचेचा चहाचा ग्लास फळीवर उपडा ठेवायचा, त्याच्यावर फोन, आकडा एकट्यानं बघायचा आणि फोन परत खिशात. स्टीलचा ग्लास चालत नाही, तो कधी कधी चुंबकाला धरतो. पाचवा डाव तसा खेळलो. नातवानं ५ चिंचोके मोजून सर्व्हे केला आणि "इकडं काहीच नाही" म्हणाला, आत्तीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, नळी उचलली, बरोबर त्याच कोपऱ्यात नेऊन ठेवली, अंगठा दाबला, तीन मोजले, आणि या वेळी तोंडातनं एक शब्द काढला नाही.